डिश नेमकी बघते कुठे?

मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीखाली उभं राहून वर पाहिलं, तर खिडक्यांच्या ग्रिलला आणि गच्चीच्या कठड्याला लावलेल्या छोट्या डिश साधारण एकाच बाजूला तोंड करून असतात. ती बाजू आग्नेयेची. कंपनी बदलली की तोंड थोडं पूर्वेकडे किंवा थोडं दक्षिणेकडे सरकतं, इतकाच फरक. मात्र खालून पाहणाऱ्याला डिश समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे टक लावून बसल्यासारखी वाटते. त्यामुळे ‘समोर टॉवर उभा राहतोय, आता आपला टीव्ही गेला’ ही भीती अनेकांना वाटते. बहुतेक वेळा ती खरी ठरत नाही, कारण डिश भिंतीकडे बघतच नसते.

घरगुती डिश म्हणजे मोठ्या खोलगट वाटीच्या एका बाजूचा कापून घेतलेला तुकडा. वरून तिरप्या येणाऱ्या लहरी तिच्यावर आपटतात आणि खालच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या एलएनबी या छोट्या यंत्रावर गोळा होतात. या रचनेमुळे डिश जितकी उभी दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर तिची नजर असते. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश, जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. मुंबईतून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे ४९ अंश वळल्यावर, क्षितिजापासून जवळपास ५८ अंश उंच सापडतो. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे दक्षिणेपासून ३५ अंश वळलं तरी पुरतं आणि उंची ६० अंशांच्या आसपास भरते. मुंबईकरासाठी यातून एक सोपा हिशेब निघतो. समोरची इमारत जितकी लांब आहे त्याच्या दीडपटीहून ती डिशच्या वर चढलेली नसेल, तर अडथळा नाही. दहा मीटरवरची इमारत डिशच्या वर पंधरा मीटरपर्यंत गेली तरी चालतं. खरा अडथळा बहुधा शेजारचं नारळाचं किंवा आंब्याचं झाड करतं, कारण ते दर पावसाळ्यात वाढतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वर बघणारी ही नजर अतिशय अरुंद असते. साठ सेंटिमीटरच्या डिशला आकाशाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा नीट दिसतो. थाळीची एक कड दोन सेंटिमीटर सरकली, तर दिशा दोन अंशांनी चुकते आणि हाती येणारा सिग्नल निम्म्याहून कमी होतो. वादळी वाऱ्यानंतर किंवा गच्चीवर वाळवणाची दोरी डिशला बांधल्यानंतर चॅनल जातात ते याच कारणाने. घरात मात्र दोष सेट-टॉप बॉक्सच्या डब्यावर येतो. तो बंद-चालू केला जातो, रिमोटचे सेल बदलले जातात, आणि वर क्लॅम्पचा एक नट सैल आहे हे शेवटी कळतं.

टीव्हीच्या चित्राची सगळी गोष्ट अशी छपराशी निगडित आहे, आणि हे आजचं नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हाच्या लहरी साधारण सरळ रेषेत जात, म्हणून प्रक्षेपणाचा मनोरा उंच हवा. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा आहे. घरावरचा अँटेना जमिनीपासून दहा मीटर उंच धरला, तर पृथ्वीची गोलाई लक्षात घेऊन या जोडीची पोच ८० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. अर्थात हा हिशेब सपाट मुलखाचा. मध्ये सह्याद्रीची एखादी रांग आली की पलीकडच्या गावाला मनोरा कितीही उंच असून उपयोग नसे. कोकणातल्या दरीतल्या वाडीत टीव्ही उशिरा पोचला, त्यामागे पैशाइतकाच डोंगराचाही हात होता.

त्या काळी कौलांवर आणि गच्च्यांवर उभे राहिलेले ॲल्युमिनियमचे सांगाडे मूळचे जपानचे. सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ही रचना मांडली. त्यांच्या मायदेशात तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिशांच्या रडारची टिपणं लागली. त्यात ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता आणि तो काय आहे हे जपानी तंत्रज्ञांना उमगेना. अखेर एका ब्रिटिश कैद्यानेच त्यांना सांगितलं, की ते तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.

या अँटेन्यातल्या प्रत्येक दांडीला काम नेमून दिलेलं असतं. वायर जोडलेली, दुमडलेली दांडी सिग्नल पकडते. तिच्या मागची थोडी लांब दांडी लहर परतवून पुढे ढकलते. पुढच्या छोट्या दांड्या एका दिशेची लहर गोळा करून मागे पाठवतात. पकडणारी दांडी लहरीच्या निम्म्या लांबीची लागते. ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या चौथ्या चॅनलची लहर साडेचार मीटरच्या घरातली, म्हणून तिची दांडी सव्वादोन मीटरच्या आसपास असे. पाचव्या चॅनलला ती पाऊण मीटरहून थोडीच मोठी पुरे. गावोगावच्या अँटेन्यांचे आकार वेगळे दिसत त्याचं कारण हेच. एका शहरातून बदली होऊन दुसरीकडे गेलेल्या कुटुंबाने हौसेने सोबत नेलेला अँटेना तिथे निकामी ठरू शकत असे, तेही यामुळेच.

चित्रावर मुंग्या आल्या, म्हणजे सिग्नल कमजोर. आणि माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसली, म्हणजे एकच सिग्नल दोन वाटांनी आलेला: एक थेट, दुसरा एखाद्या इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून. आपटून आलेल्या लहरीने ३०० मीटर जास्त प्रवास केला की ती एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने उशिरा पोचते. वीस इंची पडद्यावर तेवढ्या वेळात चित्राची रेघ पाऊण सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणून सावली तेवढी सरकून उमटते. पट्टी लावून सावलीचं अंतर मोजलं असतं, तर दोष साधारण किती लांबच्या इमारतीचा आहे हे घरबसल्या काढता आलं असतं. अँटेना किंचित फिरवून त्या इमारतीकडे पाठ केली की सावली पुसट होई. छपरावर चढलेला मुलगा आणि खिडकीतून ‘अजून थोडं, अजून थोडं’ ओरडणारी आई मिळून नेमकं हेच करत असत, आणि ते शास्त्राला धरून होतं.

पुढे उपग्रह आले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत, जाळीच्या मोठ्या डिश लावून, शैक्षणिक कार्यक्रम थेट दाखवले गेले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीचा एशियाड, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी, आणि मग लहान शहरांतून १०० वॉटच्या छोट्या प्रक्षेपकांची मालिका. नव्वदीत केबलवाला घरोघर पोचला आणि गच्चीवरचे अँटेने एकेक करून गंजत गेले. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं. आजची फ्री डिश ती हीच.

फ्री डिशला महिन्याचं रिचार्ज नाही. डिश, एलएनबी, वायर आणि डबा एकदा घेतला की खर्च संपला. ज्या घराने खासगी कंपनीचं रिचार्ज बंद केलं, त्याची जुनी डिशही बहुतेक वेळा वळवून वापरता येते. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यात मराठीतली सह्याद्री, आणि बऱ्याच खासगी वाहिन्या तिच्यावर दिसतात. पैसे प्रेक्षक देत नाही, वाहिन्या देतात. त्या लिलावात बोली लावून जागा घेतात आणि ही जागा सहसा १ एप्रिलपासून वर्षभरासाठी असते. म्हणून एप्रिलमध्ये अनेक घरांत ‘चॅनल गेले’ अशी ओरड होते आणि मेकॅनिकला बोलावलं जातं. खरं तर डब्याच्या मेनूत जाऊन नव्याने ऑटो स्कॅन केलं की काम होतं. शहाण्या मेकॅनिकने हे गिऱ्हाइकाला शिकवून ठेवावं.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी या सेवेला आणखी एक महत्त्व आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण, हक्क कुणाकडेही असले तरी, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि आपल्या डीटीएचवर दाखवावा, खासगी केबल आणि डीटीएचवर तो जाऊ नये. त्यामुळे महागडं पॅकेज घेतलेल्या घरात दूरदर्शनवर न दिसणारा भारताचा सामना शेजारच्या फ्री डिशवर फुकट दिसतो, असंही घडतं.

जमिनीवरून येणाऱ्या प्रक्षेपणाचं मात्र वाईट झालं. २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल पद्धतीने ते नव्याने सुरू झालं होतं. छोट्या अँटेन्यावर, उपग्रहाशिवाय, स्वच्छ चित्र मिळण्याची ती सोय होती. ती आहे हेच बहुसंख्य लोकांना कुणी सांगितलं नाही आणि लागणारे ट्यूनर दुकानात सहज मिळाले नाहीत. २०२२ पर्यंत जुने ॲनालॉग प्रक्षेपकही, सीमाभागासारखे अपवाद सोडता, बंद करण्यात आले. पुराच्या किंवा वादळाच्या दिवसांत मोबाइलचे टॉवर बंद पडतात तेव्हा स्थानिक मनोऱ्यावरून येणाऱ्या बातमीची किंमत कळते. किनारपट्टीवरच्या राज्याने हा पर्याय असा निसटू द्यायला नको होता.

आता घरातल्या डिशकडे परत येऊ. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडे. मुंग्यांतूनही सामना कळत असे. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत उत्तम राहतं, मग त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच पडदा काळा. म्हणजे डिश थोडी सरकलेली असली तरी कोरड्या दिवसांत पत्ता लागत नाही. जूनमध्ये काळे ढग येतात, अडीच सेंटिमीटरच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात, आणि आधीच काठावर असलेला सिग्नल कोसळतो. जोरदार सरीत दहा मिनिटं चित्र जाणं स्वाभाविक आहे. पण रिमझिम पावसातही जात असेल, तर डिशची दिशा उन्हाळ्यापासूनच चुकलेली आहे असं खुशाल समजावं.

दिशा लावताना डब्याच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात: सिग्नल स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक पहिलीकडे बघून डिश फिरवतात, आणि चूक इथेच होते. नुसता एलएनबी जोडलेला असला आणि डिश भलतीकडे असली तरी स्ट्रेंथची पट्टी बरीच भरलेली दिसते. उपग्रह खरोखर सापडला की नाही हे क्वालिटीच सांगते. शिवाय डबा हिशेब करायला एक-दोन सेकंद घेतो. जुन्या अँटेन्यासारखी डिश सलग फिरवत गेलं, तर योग्य जागा येऊन निघून जाते आणि पट्टी हलतही नाही. बोटभर सरकवावी, थांबावं, पाहावं, मग पुढे सरकवावी.

दिशा बरोबर असूनही क्वालिटी कमी येत असेल, तर वायर तपासावी. एलएनबी उपग्रहाकडून आलेल्या दहा-बारा गिगाहर्ट्झच्या लहरी वायरीला झेपतील इतक्या खालच्या वारंवारतेवर आणतो, तरीही सांधे त्यांचं मोठं नुकसान करतात. वायर शक्यतो अखंड असावी. एलएनबीजवळच्या पिनमध्ये पाणी शिरलं की आतलं तांबं हिरवं पडतं. पावसाळ्याआधी ती पिन उघडून पाहावी, काळी-हिरवी झाली असेल तर दोन इंच वायर कापून नवी पिन बसवावी आणि वर रबराची टोपी किंवा जलरोधक टेप गुंडाळावी. पिन काढण्यापूर्वी डब्याचा प्लग काढायलाच हवा, कारण याच वायरीतून डबा एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवत असतो.

झाडाचा संशय असेल, तर त्याची परीक्षा सूर्यच घेतो. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याच्या थोडं आधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य पृथ्वीवरून पाहताना बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं सूर्याच्या लहरी उपग्रहाचा आवाज दाबून टाकतात आणि चित्र तुटतं. डबा किंवा डिश बिघडलेली नसते. मुंबईत फ्री डिशच्या बाबतीत ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते. त्या आठवड्यात त्या वेळी गच्चीवर जाऊन डिशवर ऊन आहे की सावली ते पाहावं. थाळी पूर्ण उन्हात असेल, तर उपग्रहापर्यंतची वाट मोकळी आहे. तिच्यावर पानांची सावली पडली असेल, तर नेमकी ती फांदी छाटायची.