चार खासदारांचा धडा आपण विसरलो काय?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला एकदम भाव येतो. एरवी ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी चार-चार दिवस फिरकत नाही, त्या गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या गाड्यांची रांग लागते. उमेदवार पायातले बूट काढतात, तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेला भलामोठा हार घालतात आणि गळ्यात निळे उपरणे अडकवून फोटो काढून घेतात. कालपर्यंत 'जयभीम' म्हणताना ज्यांची जीभ जड व्हायची, ते घसा फोडून 'जयभीम' म्हणतात. कोणी विहाराला सतरंज्या देतो, कोणी खुर्च्या देतो, कोणी येत्या जयंतीच्या मंडपाचा खर्च अंगावर घेतो. आणि आम्ही? आम्ही टाळ्या वाजवतो!

मतमोजणी झाली की गाड्या जातात, खुर्च्या मोडतात, सतरंज्या फाटतात. मात्र त्या सतरंज्यांवरून वस्तीत पडलेली फूट तशीच राहते. एक गट या उमेदवाराचा, दुसरा गट त्या उमेदवाराचा. आमच्याच वस्तीत एका वर्षी १४ एप्रिलला दोन मिरवणुका निघाल्या. बाप एक, जयंती एक आणि मिरवणुका दोन! त्या दिवशी एक म्हातारी आजी ओट्यावर बसून म्हणाली, "अरे लेकरांनो, बाबांचं तरी वाटप करू नका रे." आम्हाला मान वर करून तिच्याकडे बघवले नाही.

म्हणूनच आज हा हिशोब मांडायला बसलो आहोत. आम्ही पडलो कारकून. जमेची बाजू कोणती, खर्चाची कोणती आणि शिल्लक काय, एवढेच आम्हाला कळते. पुढाऱ्यांनी हा हिशोब कधी समाजापुढे ठेवला नाही. तेव्हा तो घरोघरी आपणच तपासला पाहिजे.

जमेची बाजू : १९९८

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. १९९५ साली महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या ४८ जागांपैकी भाजपला १८ आणि शिवसेनेला १५ अशा तब्बल ३३ जागा मिळाल्या. काँग्रेस १५ वर आली. आपल्या हाती शून्य.

त्यानंतर ११ जुलै १९९७ चा दिवस उजाडला. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक संतापून रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. आपली दहा माणसे गेली. शाहीर विलास घोगरे यांना हे दुःख सोसवले नाही, चार दिवसांनी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. साऱ्या महाराष्ट्रातल्या वस्त्या पेटून उठल्या. जनता पुढाऱ्यांना दरडावून सांगू लागली, 'एक व्हा, नाही तर आमच्या दारात येऊ नका.'

त्या रेट्यापुढे पुढाऱ्यांना वाकावे लागले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन नेते एका झेंड्याखाली राहिले आणि काँग्रेसशी युती केली. निकाल काय लागला? अकोल्यातून ॲड. बाळासाहेब (प्रकाश) आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले असे चार रिपब्लिकन खासदार दिल्लीला गेले. चारही मतदारसंघ खुले होते, राखीव एकही नव्हता! शिवसेना ६ वर आणि भाजप ४ वर घसरला. काँग्रेस १५ वरून ३३ वर गेली. म्हणजे आपले ऐक्य झाले तेव्हा नुसत्या आपल्या चार जागा आल्या असे नव्हे, साऱ्या राज्याचे पारडे फिरले.

पुढची गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. सरकारच्या बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने देशाचे सरकार कोसळले! त्या दिवशी आपले चार खासदार विरोधी बाकांवर होते. 'माझ्या एका मताने काय होते?' असे म्हणणाऱ्या प्रत्येक भावाला आणि बहिणीला हा आकडा पाठ करून सांगा.

खर्चाची बाजू

पण ही शिल्लक आपण किती दिवस सांभाळली? जेमतेम दीड वर्ष. १९९९ मध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली. काँग्रेसचे दोन झाले, तर आपले त्याहून जास्त झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत बाळासाहेबांनी अकोला राखले, आठवले पंढरपूरच्या राखीव जागेवरून निवडून आले. अमरावती गेले, चिमूर गेले, मुंबई उत्तर-मध्यमध्ये मनोहर जोशी निवडून आले. ज्या राजवटीत रमाबाई नगर घडले, त्या राजवटीचे मुख्यमंत्री तेच होते. सांडलेल्या रक्ताला दोन वर्षेच झाली होती, आणि आपण एकमेकांशी भांडत बसलो होतो.

पुढे वाटा आणखी फाकल्या. आठवले शिवसेना-भाजपच्या महायुतीत गेले आणि २०१६ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. कवाडे सरांनी जानेवारी २०२३ मध्ये शिंदे गटाशी हात मिळवला. बाळासाहेबांनी स्वतंत्र बाणा ठेवून वंचित बहुजन आघाडी उभी केली. २०१९ च्या लोकसभेत वंचितला ४१ लाखांहून अधिक मते पडली. सोबत असलेल्या एमआयएमला औरंगाबादची जागा मिळाली, पण वंचितच्या स्वतःच्या वाट्याला एकही नाही. सहा महिन्यांत विधानसभा आली तेव्हा मते २५ लाखांच्या आसपास उतरली आणि जागा पुन्हा शून्य. २०२४ मध्ये खुद्द अकोल्यात बाळासाहेब तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि जागा भाजपने घेतली.

कोणी म्हणेल, हे लिहून तुम्ही वंचितला बदनाम करता, काँग्रेसची तळी उचलता. मुळीच नाही. ४१ लाख लोकांनी एक पैसा न घेता स्वाभिमानाने मत दिले, त्यांना 'बी टीम' म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. बी टीमची हाकाटी पिटणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे. आमची मते तुम्हाला हक्काची वाटतात, मग आमच्या उमेदवाराला खुली जागा सोडताना तुमचा हात का आखडतो? युती म्हणजे दोन्हीकडची मते दोन्हीकडे फिरली पाहिजेत. आमची मते तुमच्या पेटीत आणि तुमची मते तिसऱ्याच्या पेटीत, याला युती म्हणत नाहीत.

कुजवलेली मते

हे दुखणे आजचे नाही. घटनेचे शिल्पकार असलेल्या बाबासाहेबांना १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी १४ हजारांहून अधिक मतांनी पाडले. तेव्हा दुहेरी मतदारसंघ होता, मतदाराला दोन मते होती. राखीव जागेचे मत मुद्दाम कुजवण्याचा प्रचार झाला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जोडीला समाजवादी अशोक मेहता उभे होते. मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले! आपली मते प्रामाणिकपणे तिकडे गेली. तिकडची मते इकडे पुरेशी आली नाहीत.

याउलट १९५७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत बरोबरीच्या नात्याने सामील झाली, तेव्हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९६४ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, तेव्हा बायाबापड्या कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. पक्ष म्हणजे काय असतो ते त्या माउल्यांनी दाखवून दिले. १९५७ काय आणि १९९८ काय, दोन्ही वेळचा अर्थ एकच आहे. आपण आतून एक आणि बाहेरच्याशी बरोबरीने असलो की जिंकतो. आतून फुटलो की कोणीही यावे आणि उचलून न्यावे!

राखीव जागा आहेत ना, मग चिंता कशाला, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत. पण २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त आले. राखीव जागेवरही निवड करतो तो सगळा मतदार. मोठ्या पक्षाला मान खाली घालून बसणारा माणूस पाहिजे असतो आणि तसाच निवडून येतो. जात आपली, पण जीभ पक्षाची! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ते रांगेत पुढे दिसतात. मात्र परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण कोठडीत मेला, तेव्हा यांतल्या किती जणांनी तोंड उघडले?

एका हाताने देणे, दुसऱ्याने घेणे

२०२४ सालीच मतांची ताकद आणि मतांची घसरण अशी दोन्ही चित्रे दिसली. उन्हाळ्यातल्या लोकसभेला 'चारशे पार' ची घोषणा झाली. संविधानाला धोका आहे हे आपल्या घराघरात कळले आणि राज्यात भाजप २३ वरून ९ जागांवर आला. महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागला, तर महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा! मधल्या काळात काय घडले? जुलैपासून 'लाडकी बहीण' योजना सुरू झाली आणि महिन्याला १५०० रुपये खात्यात पडू लागले.

आमच्या माता-भगिनींनी ते पैसे घेतले यात काही वावगे नाही. ते सरकारी तिजोरीतले, म्हणजे आपल्याच करांचे पैसे आहेत. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. पण दुसरी बाजूही बघा. २०२५ च्या मे महिन्यात याच योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी रुपये वळवले गेले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच जाहीर नाराजी व्यक्त केली. सामाजिक न्याय खाते म्हणजे आपल्या मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृहे, वस्त्यांची सुधारणा. आईच्या खात्यात पैसे जमा होत होते, आणि ज्या खात्यावर लेकराचे शिक्षण उभे आहे त्याच खात्याला हात घातला जात होता. वहीत दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी लिहा, म्हणजे 'बहीण' किती 'लाडकी' ते कळेल.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री येणाऱ्या पाकिटाचा हिशोब तर पोरसुद्धा करील. पाचशे रुपयांना मत विकले. पाच वर्षांचे दिवस १८२५. दिवसाला पडले सत्तावीस पैसे. बाबासाहेबांनी ज्या मतासाठी साऊथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत झगडून आयुष्य झिजवले, त्याची किंमत आपण दिवसाला सत्तावीस पैसे लावली!

आता करायचे काय?

पुढारी एक होतील तेव्हा होतील. १९९८ चे ऐक्यही पुढाऱ्यांच्या घरी जन्मले नव्हते, ते वस्तीत जन्मले होते. तेव्हा सुरुवात विहारापासूनच झाली पाहिजे. मतदानाआधीच्या रविवारी वंदना झाल्यावर पुरुष, महिला, तरुण सगळ्यांनी एकत्र बसावे. येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो निळा झेंडा घेऊन येवो नाही तर दुसरा, सतरंजीवर बसवून चार प्रश्न विचारावेत. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून तू काय केलेस? आपल्या खात्याचा निधी पळवला तेव्हा तू कुठे होतास? सफाई कामगारांची कंत्राटी पद्धत बंद करायला तू उभा राहशील काय? आणि समाजावर अत्याचार झाला तर पक्षाचा आदेश मोडून बोलशील काय? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. मग विहारातल्या सर्वांनी मिळून एक निर्णय करावा आणि तो सगळ्यांनी पाळावा. खुर्च्या-सतरंज्या कोणाकडूनही घेऊ नयेत. घरटी वर्गणी काढून आपण आपली सतरंजी घेऊ शकतो, एवढे तर आपण नक्कीच कमावतो.

आमचा पक्ष कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही लपवणार नाही. आमचा पक्ष बाबासाहेबांचा. जो पुढारी तो जोडील तो आमचा, जो विकील तो आमचा नव्हे, मग त्याचे घराणे कितीही मोठे असो.

ती ओट्यावरची आजी आता नाही. तिच्या शब्दाला मान देऊन निदान पुढच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीतून एकच मिरवणूक निघावी, यासाठी आम्ही दोन्ही गटांच्या दारी जाऊन आलो आहोत. दोघांनीही नाही म्हटलेले नाही. तुमच्या वस्तीत तुम्ही कोणाच्या दारी जाणार, ते आजच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!