कौल आणि करार

निवडणुकीचा निकाल लागला की निफाडच्या पारावर वाद रंगतो : लोकांनी कौल दिला तरी कोणाला? आपण मत देतो ते आमदाराला. मुख्यमंत्री आपण थेट निवडीत नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. सभागृहातील २८८ पैकी १४५ आमदार ज्याच्या पाठीशी, त्याचे सरकार.

२०१९ चे उदाहरण घ्या. भारतीय जनता पक्षाला १०५ व शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. दोघे युती करून लढले होते, बेरीज १६१. तरीही मुख्यमंत्रिपदावरून युती मोडली. पुढे शिवसेना, राष्ट्रवादी (५४) व काँग्रेस (४४) यांचे सरकार २८ नोव्हेंबरला अधिकारावर आले. किमान समान कार्यक्रम जाहीर झाला तोही त्याच दिवशी, मतदानानंतर महिन्याने. घटनेच्या चौकटीत हे बसते. पण युती पाहून मत देणाऱ्याचे काय?

१९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो. पक्षाला त्याने जाहीर केलेल्या युतीशी बांधणारा कायदा मात्र नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दोन युनियन एकत्र आल्या की मागण्यांचा मसुदा आम्ही आधी गेटवर वाचून दाखवितो. वाटाघाटीत काही सोडावे लागलेच, तर पुन्हा गेटवर येऊन कारण सांगतो. तडजोड हा गुन्हा नव्हे. ती सभासदांच्या पाठीमागे होता कामा नये, इतकेच.

म्हणून उमेदवार मत मागावयास येईल तेव्हा त्याला भर सभेत विचारावे : बहुमत न मिळाल्यास कोणाबरोबर बसणार, आणि कोणत्या अटींवर?