मोजून भात, न मोजता तोंडीलावणं

सोलच्या नामदेमुन बाजारात जेवणाच्या वेळेला डोक्यावर ताटांची उतरंड घेऊन चालणाऱ्या बायका दिसतात. मोठं गोल ताट, त्यात वाट्या आणि आमटीची भांडी, त्यावर दुसरं ताट, त्यावर तिसरं. खाली डोक्यावर कापडाची चुंबळ. कोरियन भाषेत तिला ‘त्तोआरी’ म्हणतात, पण पाहताक्षणी आपल्या तोंडी चुंबळच येतं. कपड्यांचे गठ्ठे आणि हातगाड्या चुकवत, बहुतेक वेळा हात न लावता मान सरळ ठेवून त्या चालतात आणि गल्ला सोडून उठता न येणाऱ्या दुकानदारापर्यंत गरम जेवण पोचवतात.

हे जेवण ज्या दुकानातून निघतं त्याला ‘शिकदांग’ म्हणतात, आणि जेवणाला ‘बेकबान’. बेकबान म्हणजे शब्दशः पांढरा भात. आपल्याकडे ‘चार घास भात खाऊन जा’ म्हणताना आपण भाताचं नाव घेतो आणि आख्खं जेवण वाढतो, तसंच हे. दुकान लहान, पाच-सहा टेबलांचं. आत बाई स्वयंपाक करते, नवरा किंवा मुलगी वाढायला असते, सासूबाई कोपऱ्यात बसून लसूण सोलत असतात. पाण्याची बाटली आपली आपण घ्यायची. चमचे आणि स्टीलच्या काड्या पुष्कळदा टेबलाच्याच खणात असतात.

नामदेमुनमधली एक बोळ ‘गालची’ या माशासाठी प्रसिद्ध आहे. लांब, चंदेरी, पट्ट्यासारखा मासा, आपल्या वाकटीच्या कुळातला. मुळ्याच्या जाड चकत्यांवर तुकडे रचायचे, वर लाल तिखट, लसूण आणि सोयाचा रस घालायचा आणि पोचे पडलेल्या पातेल्यात रटरटू द्यायचं. माशाइतकाच त्या मुळ्यासाठीही माणसं येतात. सगळा रस त्यानं प्यालेला असतो.

पण मासा येण्याआधी टेबल भरतं. न मागता. मोड आलेले सोयाबीन तिळाच्या तेलात, वाफवलेला पालक, सोया-साखरेत परतलेली मांदेलीच्या जातीची बारीक सुकी मासळी, मुळ्याच्या फोडींची किमची, कोबीची किमची. कधी वाफेवर फुगवलेलं अंडं. या सगळ्याला ‘बांचान’ म्हणतात, आणि त्याला तोंडीलावणं याहून नेमका मराठी शब्द नाही. आपल्या पानात डावीकडे जे चिमूटभर असतं, ते तिथे सगळं टेबल व्यापतं. पैसे फक्त मुख्य पदार्थाचे आणि भाताचे. बांचान संपलं की पुन्हा मिळतं, आणि त्याचा आकार लागत नाही.

ते मागताना हाक मारायची ‘इमो!’ इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. कोरियन भाषेत आत्याला वेगळा शब्द आहे, ‘गोमो’. पण खानावळीत कुणी गोमो म्हणत नाही. जेवायला वाढणारी बाई आईकडचीच असणार, हे त्या भाषेनंही आपल्या भाषेसारखंच ठरवून टाकलेलं आहे. हाताच्या चवीलाही तिथे शब्द आहे ‘सोनमात’: सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. कुटुंबाला ‘शिकगु’ म्हणतात, म्हणजे एकत्र खाणारी तोंडं. या भाषेत घराची व्याख्याच पंगतीवरून केली आहे, आणि मला ती फार आवडते.

भात मात्र मोजून येतो. झाकणाची स्टीलची वाटी, सगळीकडे एकसारखी, हाताला चटका देणारी. या वाटीमागे सरकार आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दक्षिण कोरियात तांदूळ पुरत नव्हता. आठवड्यातले ठरावीक दिवस खानावळींनी भात विकायचा नाही, असे हुकूम निघाले. लोकांना गव्हाच्या शेवयांकडे वळवलं गेलं. जुन्या कोरियन घरातला भाताचा वाडगा बराच मोठा असे. सोल महापालिकेनं १९७६ मध्ये खानावळींसाठी वाटीचं माप ठरवून दिलं: व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर. त्याच सुमारास ‘तोंगिल’ नावाच्या भरघोस पिकाच्या वाणामुळे देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, भाताविना दिवसही संपले. वाटी राहिली. पुढे कित्येक वर्षं जादा वाटीचा भाव हजार वॉन, हेही जणू ठरूनच गेलं होतं.

ऐंशीच्या दशकात बांचानलाही शिस्त लावायचा प्रयत्न झाला. नासाडी टळावी म्हणून ज्याला जे हवं ते त्यानं मागावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत, अशी ती कल्पना. ती रुजली नाही. सोयाबीनच्या मोडांचे पैसे मागायला मावशीची जीभ रेटत नाही आणि गिऱ्हाइकालाही ते अपमानासारखं वाटतं. भाताला माप बसलं, हाताला बसलं नाही.

मग हे परवडतं कसं? थोडं उत्तर बरण्यांमध्ये आहे. थंडीच्या तोंडावर ‘किमजांग’ होतो: कोबीचे ढीग मिठात मुरवून, तिखट, लसूण, आलं आणि खारवलेली कोळंबी पानापानांत भरून सगळ्या हिवाळ्याच्या किमचीची बेगमी केली जाते. शेजारणी, बहिणी, सुना एकत्र बसतात. आपल्याकडे पापड-कुरडयांना बसतात तशाच. २०१३ मध्ये युनेस्कोनं या प्रथेची नोंद घेतली. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याचे ठोकळे गवतानं बांधून टांगायचे आणि मग मिठाच्या पाण्यात घालायचे. त्यातून आमटीसाठी ‘दोएनजांग’ आणि सोयाचा रस निघतो. हे सारं करायला पैसा कमी लागतो, वेळ आणि हात फार लागतात.

आता हे हातच कमी पडत आहेत. कोरियात खानावळीला तांदूळ, किमचीतला कोबी आणि तिखट कुठल्या देशाचं आहे ते भिंतीवर लिहावं लागतं. चीनहून आलेली तयार किमची स्वस्त पडते आणि असंख्य दुकानं तीच वाढतात. त्यामुळे पाटीवर ‘कोबी देशी, तिखट देशी’ असं जिथे दिसतं, तिथे त्या पाटीमागे कुणाच्या तरी रात्रीची झोप असते. टेबलावर उरलेलं दुसऱ्याला वाढायला कायद्यानं बंदी आहे, ती योग्यच आहे. पण भरलेल्या वाट्या जशाच्या तशा टाकून द्यायचं दुःखही मावशीच्याच वाट्याला येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १०,०३० वॉन झालं. पुष्कळ ठिकाणी आख्ख्या बेकबानचा भाव याच्याच आसपास आहे. घरच्या माणसांनी राबायचं आणि त्या राबण्याचा पगार धरायचा नाही, एवढ्याच हिशेबावर अशी दुकानं उभी असतात. मुलं शिकून नोकरीला लागली की तो हिशेब मोडतो.

या जेवणाचं कौतुक होत नाही असं मुळीच नाही. व्यंगचित्रकार हो यंग-मान २०१९ पासून बेकबानच्या शोधात गावोगाव हिंडणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम करत आले आहेत. तीस वर्षांहून जुन्या दुकानांना सरकार २०१८ पासून ‘शंभर वर्षांचं दुकान’ अशी पाटी देतं. पाटी दारावर शोभते. पण पहाटे उठून मोड निवडायला कोण बसणार, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. मला वाटतं, बांचानचे थोडे पैसे घ्यायला आता हरकत नसावी. मापात न बसणाऱ्या उदारतेची किंमत आजवर एकट्या मावशीनं भरली आहे.

जेवण झालं की गल्ल्यापाशी जाऊन पैसे द्यायचे. बक्षिसी नसते. ‘जाल मगस्सुम्निदा’, छान जेवलो, एवढं म्हणायचं. आतून उत्तर येतं, बहुधा भांड्यांच्या आवाजात बुडालेलं.

बाजारात दुपार कलते. दुकानदारांनी रिकामी ताटं दाराबाहेर ठेवलेली असतात. मघाचीच बाई परत येते, ती उचलते, उरलंसुरलं एका भांड्यात ओतते. बांचानच्या बशा नाना आकारांच्या, त्या नीट रचायला तिला वेळ लागतो. भाताच्या वाट्या एका मापाच्या. त्या ती एकीवर एक ठेवते, चुंबळ सारखी करते आणि ताट डोक्यावर घेते.