ईशची शाळा

जॉर्ज स्ट्युअर्ट यांची 'अर्थ अबाइड्स' ही कादंबरी अमेरिकेंत १९४९ सालीं प्रसिद्ध झाली. एका साथीनें जवळजवळ सारी मनुष्यजात नाहींशी होते. डोंगरांत सर्पदंशानें पडून राहिलेला एक तरुण अभ्यासक त्यांतून वांचतो, आणि खालीं उतरून पाहतो तों नगरें ओस! त्याचें नांव ईश. (हें इशरवुड या नांवाचें लघुरूप, आपल्या ईशाशीं त्याचा संबंध नाहीं.)

वळसंगासारख्या गांवीं असें पुस्तक वाचतांना प्लेगाचें स्मरण व्हावें हें साहजिक आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढें कित्येक वर्षें महाराष्ट्रांत उंदीर पडूं लागले कीं घरास कुलूप लावून रानांत झोपडी घालावयाची, हा क्रमच होऊन बसला. परंतु उरलेले लोक परत येत. चुली पेटत, शाळा भरे. परतणारें कोणी नसेल तर विद्येचें काय होईल, हा स्ट्युअर्ट यांचा प्रश्न आहे.

ईश एम नांवाच्या स्त्रीसह संसार मांडतो. आणखी थोडीं माणसें येऊन मिळतात, मुलेंबाळें होतात. डबाबंद अन्नाचा सांठा हाताशीं असल्यानें कोणास कष्ट नाहींत; नळास पाणी आहे तोंवर पुढची तरतूद करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. विश्वविद्यालयाचें ग्रंथालय ईश जिवापाड जपतो व शाळा काढतो. मुलें येऊन बसतात, पण अक्षरांत त्यांचें चित्त नाहीं. एकटा जोई, त्याचाच मुलगा, आपण होऊन वाचतो. ईश सारी भिस्त त्याच्यावर ठेवतो. मग विषमज्वराची साथ येते, जोई जातो, आणि ईश शाळा बंद करतो.

ज्यांची हयात खडूच्या धुळींत गेली त्यांच्यानें हें प्रकरण एका बैठकींत वाचवणार नाहीं. तरीही ईशाविषयीं आमची तक्रार आहे. त्यानें विद्या ग्रंथांत ठेविली आणि एका मुलांत ठेविली. आपल्याकडे वेद टिकले ते अनेक कंठांत ठेविल्यामुळें. मंद विद्यार्थ्याकडूनही गुरुजी पदपाठ, क्रमपाठ घोकून घेत. त्या पाठशाळेचें दार मात्र फार थोड्यांस उघडें होतें. पतंजलींनीं महाभाष्यांत ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या. आज अध्ययनांत मुख्यतः शाकल शाखा तेवढी उरली आहे. आणि आपल्या घरांतून काय चालतें? एक चुणचुणीत मुलगा निवडून त्याच्यावर सारा खर्च करावयाचा, बाकीच्यांस "यांच्यानें काय होणार" म्हणून सोडून द्यावयाचें, हें आम्हीं शिक्षकीच्या साऱ्या काळांत पाहिलें. मुलींची गोष्ट तर विचारूंच नये.

शाळा मोडल्यावर ईश मुलांस धनुष्यबाण करून देतो, निव्वळ खेळणें म्हणून. तें मात्र तीं उचलतात. तो जराजर्जर होतो तेव्हां त्याच्या वंशांतले तरुण शिकारी जुनीं नाणीं ठोकून बाणांचीं टोंकें करीत असतात. नाण्यांवरचीं अक्षरें त्यांस वाचतां येत नाहींत.