पिकअपचं इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन बघा

मंडळी, कारंजा धरणाची मासळी बर्फात घालून बाजाराला निघालो आणि चढावर जुन्या डिझेल पिकअपचा दम गेला, की मिस्त्री म्हणतो, "फुल इंजिन काम." लगेच हो म्हणू नका.

आधी धूर बघा. काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल, पंप तपासायचा. त्यासाठी इंजिन कशाला खोलायचं? निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणीही घटतंय, तर हेड पॅकिंगवर संशय.

मग गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आकडे लिहून ठेवा. एखादा फार कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. जास्त नको, ऑइल दाबलं जात नाही, रॉड वाकतो! आकडा वाढला तर रिंगा-लायनर झिजलेत. तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगचा, म्हणजे नुसतं हेड उतरवून भागतं.

खोलावंच लागलं तर लायनर आणि क्रँकचं माप आपल्यासमोर घ्यायला लावा. झिजलेल्या लायनरात नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर गाडी परत ऑइल प्यायला लागते. बदललेले जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा. आणि हे काम मासळी कमी असते तेव्हाच काढा.