आप्पांची पितळी वाटी

धारवाडात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. गाव समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून अधिक उंचावर, त्यात माळमड्डीतलं आमचं घर जुनं, कौलारू. अशा गारठ्यात एक दिवसाआड मी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दाढी करते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं आणि रेझर माझ्या हाती आला.

पहिल्याच आठवड्यात हनुवटीखाली कापलं. ब्लेड नवं होतं, साबणही त्यांचा नेहमीचाच. पण मी नळाच्या गार पाण्यात ब्रश बुडवून फेस केला होता. गार फेस गालाला लागला की आप्पा दचकत, आणि दचकले की पातं लागे. त्या दिवशी ते "वाटी, वाटी" म्हणत राहिले. मला वाटलं, भूक लागली असेल. आंबील करून आणली, तर त्यांनी डावा हात हलवून बच्चलाकडे, म्हणजे न्हाणीघराकडे, बोट दाखवलं. तिथे फळीवर त्यांची दाढीची पितळी वाटी होती आणि तिच्याखाली चिनीमातीचा जाड, खोलगट वाडगा.

मग सगळं आठवलं. आप्पा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. धारवाडहून हुबळी वीसेक किलोमीटर, सकाळची गाडी गाठायची म्हणजे दाढी अंधारातच. बच्चलात तांब्याचा बंब पेटलेला असे. त्यातलं कढत पाणी ते आधी वाडग्यात ओतत, त्यात वाटी ठेवत आणि वाटीत फेस काढत. तोवर ब्रश लोटीतल्या ऊन पाण्यात भिजलेला असे. एक गाल झाला की ब्रश पुन्हा वाटीत. शेवटचा हात फिरेपर्यंत फेस ऊनच. आम्हा पोरांच्या नाकाला ते थोडा लावत, ती ऊब मला अजून आठवते.

महिन्यातून एकदा त्यांचे केस कापायला हडपद समाजातले एक वयस्कर गृहस्थ घरी येतात. बसवण्णांच्या जवळचे शरण हडपद अप्पण्णा यांना मानणारा हा समाज, जसे आपल्याकडचे नाभिक सेना महाराजांना मानतात. धोकटी उघडण्याआधीच ते मला सांगतात, "अक्कारे, बिसीनीर तर्री." गरम पाणी आणा. साबण कुठला, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

त्यांचं बरोबरच आहे. दाढीचा केस केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. पाणी मुरलं की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, आणि ऊन पाणी गारापेक्षा लवकर मुरतं. ते पाणी केसाला धरून ठेवायचं आणि पातं अडखळू द्यायचं नाही, हे फेसाचं काम. पण फेसात साबण-पाण्यापेक्षा हवाच जास्त. तिच्यात ऊब साठत नाही, शिवाय गालावर फेस पसरला की त्यातलं पाणी उडून जाताना आणखी गारवा आणतं. म्हणून तो बघता बघता निवतो. खरी ऊब असते ब्रशच्या दाट केसांत धरलेल्या पाण्यात आणि वाटीखालच्या पाण्यात.

वाटी पितळेची का, हे मला फार उशिरा उमगलं. पितळेतून उष्णता झटकन जाते. नुसती फरशीवर ठेवली तर वाटी फेस गार करते, गरम पाण्यात ठेवली तर तीच बाहेरची ऊब आत आणते. आणि जाड चिनीमाती ते पाणी लवकर निवू देत नाही. विलायतेत यासाठी दोन कप्प्यांचे खास मग मिळतात, अमेरिकेतल्या काही सलूनांत तर गरम फेस देणारी विजेची यंत्रं असतात. आप्पांनी ते काम घरातल्या दोन भांड्यांवर भागवलं होतं.

पाणी तापवण्याचा आणखी एक फायदा आमच्या गावात कळतो. सौंदत्तीच्या धरणातलं मलप्रभेचं पाणी आमच्या नळाला रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअरचं, ते जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला चिकटून चोथा होतो, फेस धरत नाही. पाणी उकळलं की क्षारांचा काही भाग पांढरा थर होऊन तळाशी बसतो. म्हणून मी उकळलेलं पाणी जरा निवू देते आणि वरचंच घेते.

कढत पाणी मात्र फेसात घालायचं नाही. त्याने फेस पातळ होऊन विरतो, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. आप्पांच्या उजव्या गालाला तर नीट कळतही नाही, भाजलं तरी ते सांगणार नाहीत. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघतात, तसं मी बघते. मग ब्रश आधी त्यांच्या डाव्या गालाला टेकवते. त्यांनी डोळे मिटून घेतले, की मी पुढे होते. फेस एकदम सगळ्या चेहऱ्याला लावत नाही, एक बाजू पुरी झाली की दुसरीला वाटीतला ताजा घेते.

तुमच्याही घरात कुणा वडीलधाऱ्यांची दाढी तुम्ही करत असाल, तर साबणाला हात लावण्याआधी पाणी गॅसवर ठेवा. आणि ब्रश त्यांच्या गालाला लावण्याआधी एकदा स्वतःच्या मनगटाला लावून बघा.