जुनी गाडी घेतली? आधी खालून धुवा, चकाकी शेवटी. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पडतं महागात

अकोला / अमरावती : सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, की घरात जुन्या चारचाकीची गोष्ट निघते. दोन-तीन वर्षे गोठ्याजवळ धूळ खात उभी असलेली गाडी स्वस्तात भेटते. मग रविवारी पोरं बोअरची नळी लावतात, कपड्याच्या पावडरचा फेस करतात अन् गाडी चकाचक करतात. पण पाणी वाळलं की काचेवर, बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात. ठिपके पुसता येतात; पण तेच पाणी गाडीच्या खालच्या पत्र्यात जे करून ठेवतं, ते पुढच्या पावसाळ्यात कळतं.

पाणी कोणतं, हे आधी पाहा

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी खारं लागतं. पाणी उडून जातं, क्षार मात्र पत्र्यावर राहतात. ओल अन् मीठ एकत्र आलं की लोखंड लवकर गंजतं. समुद्रकाठच्या गाड्या गंजतात, त्याचं कारणही हेच.

म्हणून पहिला चिखल काढायला बोअरचं पाणी वापरावं लागलं, तरी शेवटच्या दोन-तीन बादल्या गोड पाण्याच्याच हव्यात. गच्चीवरून साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. वान किंवा शहानूर धरणावरच्या योजनेचं नळाचं पाणीही चालतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र वापरू नये. त्यात क्षार आणखी जास्त असतात. गाडी सावलीत, सकाळी धुवावी आणि पाणी वाळायच्या आत मऊ कपड्याने टिपून घ्यावं.

काळी माती कुठं दडून बसते

वऱ्हाडातली काळी माती पाणी धरून ठेवते. चाकांच्या वरच्या पोकळीत, मडगार्डच्या कडेला तिचा थर बसला, की वरून गाडी कोरडी दिसते अन् आत ओल तशीच राहते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती मातीने बुजली, की दार आतून सडतं. पातळ काडीने ती मोकळी करावीत. साचलेली माती लाकडी पट्टीने काढून मग पाणी मारावं.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. जॅक सरकला तर जीव जातो. खाली भक्कम स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना दगड लावावेत.

गंज वरचा की आतला?

माती निघाली की गाडीची खरी हालत दिसते. मॅट अन् कार्पेट उचलून खालचा पत्रा पाहावा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत गेला, तर तो सडला आहे. बाहेरच्या पत्र्यावर साधं चुंबक फिरवावं. एखाद्या जागी ते चिकटत नसेल, तर खाली जाड पुट्टी असू शकते.

वरवरचा गंज घरी काढता येतो. ताराच्या ब्रशने व खरखरीत पॉलिश पेपरने घासून पत्रा उजळ करावा, पूर्ण कोरडा करावा, मग गंजरोधक प्रायमर अन् त्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग मारला तर तो आतून वाढत राहतो. चेसिस किंवा दाराखालचा पत्रा फाटला असेल तर ते वेल्डरचं काम. ब्रेकच्या पाइपावर गंज दिसला, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या भागात वाळलेल्या गाळाची रेघ असेल, तर गाडी पुराच्या पाण्यात गेली असण्याची शक्यता मोठी.

आतली बाजू

उभ्या गाडीत उंदरांचं घर असतंच. वायरी कुरतडल्या आहेत का, हे बॅटरी जोडण्याआधी पाहावं. लेंडी झाडताना तोंडाला फडकं बांधावं. आधी ओलं करून मग पुसावं. कार्पेट बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवावं, नाहीतर कुबट वास जात नाही. सीट काढायची असेल तर खालच्या पिवळ्या जोडणीला हात लावू नये. ती बहुतेक गाड्यांत एअरबॅगची असते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू नये. क्षारांचा थर आत बसतो अन् मे महिन्याच्या ४५ अंशांत इंजिन तापतं. कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरावं, तेही इंजिन थंड असताना.

टायरवर नक्षी शिल्लक दिसली म्हणून तो चांगला असतो, असं नाही. बाजूला कोरलेले चार आकडे पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. बाजूला भेगा पडल्या असतील तर टायर बदलावाच.

चकाकी शेवटी

धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक ओरखडे पडतात. कपड्याची पावडर रंगावरचं मेण काढून टाकते. गाडीचा शाम्पू वापरावा. पांढऱ्या ठिपक्यांवर व्हिनेगर अन् गोडं पाणी समान घेऊन लावावं आणि मिनिटभरात धुवावं. फिका पडलेला रंग रबिंग कंपाउंडने बराच उजळतो, त्यावर मेणाचा हात द्यावा. वरचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा निघत असेल, तर पॉलिशचा उपयोग नाही.

पिवळ्या हेडलाइटवर १०००, २०००, ३००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने ओला करून फिरवावा, मग पॉलिश करावं. त्यावर ऊन रोखणारा कोट दिला नाही, तर काच लवकरच पुन्हा पिवळी पडते.

खर्चाआधी कागद

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल, तर आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. सडलेल्या गाडीला तिथेच अडचण येते. गाडीवर जुनं कर्ज किंवा थकलेलं चलान आहे का, ते पाहावं. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद हवी.

खालचा पत्रा भक्कम अन् कागद नीट असतील, तरच पॉलिशवर पैसे लावावेत.